खांदा बसला, पण बरा झाला का?

पहिल्या वेळी खांदा उतरायला मोठं कारण लागतं. ट्रकच्या फाळक्यावरून पाय घसरतो, हात मात्र वरच्या कडीला धरलेला राहतो आणि अख्ख्या अंगाचा भार त्या एका हातावर येतो. किंवा भिवंडी-वाडा रस्त्यावर दुचाकी खड्ड्यात जाते आणि माणूस पसरलेल्या हातावर पडतो. किंवा कबड्डीत चढाईला गेलेल्याचा हात पकडीत मागे ओढला जातो. खांदा बसवून घेतात, दोन-तीन आठवड्यांत दुखणं थांबतं, माणूस कामाला लागतो. मग काही महिन्यांनी तोच खांदा पुन्हा उतरतो, आणि या वेळी कारण काय, तर बनियन काढायला हात डोक्यावर नेला होता. तिसऱ्यांदा तर झोपेत कूस बदलताना.

माणूस तोच, अंगातली ताकदही तीच. मग पहिल्यांदा ज्याला एवढा धक्का लागला, ते आता इतक्या सहजी कसं होतं?

भिवंडीत हा प्रश्न फार जणांच्या पोटाचा आहे, कारण इथला बराचसा व्यवहार खांद्यावरून जातो. सायझिंगमधून सुताने भरलेला बीम मागापर्यंत न्यायचा तो माणसांनी. ताग्यांच्या गाठी टेम्पोत चढवायच्या त्या माणसांनी. मानकोली, अंजूर, पूर्णा, दापोडे, काल्हेर या पट्ट्यातल्या गोदामांत दिवसरात्र माल उतरतो आणि चढतो, आणि डोक्यापेक्षा उंच थप्पी लावताना हात जिथे जातो, नेमक्या त्याच स्थितीत खांदा सगळ्यात कच्चा असतो. असं का, ते समजायला सांध्याच्या आत डोकवावं लागेल.

चमच्यावरचं लिंबू

शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. चमचा उथळ, लिंबू त्याच्यापेक्षा मोठं. खांद्याचा सांधा जवळपास असाच आहे. दंडाच्या हाडाचं वरचं गोल टोक हे लिंबू आणि खवाट्याच्या हाडावरची उथळ खोबण हा चमचा. कोणत्याही क्षणी त्या गोळ्याचा फार तर पाव ते एक तृतीयांश भाग खोबणीला टेकलेला असतो. कमरेखालच्या खुब्याच्या सांध्यात गोळा खोल वाटीत बसलेला असतो. तो सहसा निखळत नाही, पण पाय हातासारखा चौफेर फिरतही नाही. पाठ खाजवणं, फळीवरचा डबा काढणं, चेंडू फेकणं, हे सगळं खांद्याला जमतं ते चमचा उथळ असल्यामुळेच. मोकळेपणाची किंमत म्हणून पक्केपणा थोडा सोडावा लागला आहे.

तरी एरवी लिंबू पडत नाही, कारण त्याला सांभाळणारे तिघे आहेत. पहिली, चमच्याच्या काठाला चिकटलेली कूर्चेची गोल कड. ती खोबणीची खोली जवळपास दुप्पट करते. दुसरं, सांध्याभोवतीचं चिवट आवरण आणि त्यातले अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे. तिसरे, गोळ्याला पुढून, वरून आणि मागून कवेत घेणारे चार छोटे स्नायू. त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, गोळ्याला सतत खोबणीत दाबून ठेवतात. जाहिरातीत दिसणारा खांद्याचा पिळदार फुगा हे ते स्नायू नव्हेत. हे आतले आहेत, दिसत नाहीत, आणि वजन उचलणाऱ्याचा खांदा जागेवर राहतो तो मुख्यतः यांच्या जोरावर.

हात बाजूला वर उचलून मागे वळवला, की गोळ्याचा सगळा दाब पुढच्या-खालच्या काठावर येतो. थप्पीवर खोकं सरकवतानाचा हात असाच असतो. तेवढ्यात जोराचा हिसका बसला, तर गोळा काठ ओलांडून पुढे आणि खाली येतो. खांदा उतरण्याच्या शंभर घटनांपैकी पंचाण्णवच्या आसपास अशा पुढच्या बाजूच्या असतात.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. गोळा बाहेर पडताना नुसता पडत नाही, वाटेत मोडतोड करतो. पुढच्या बाजूची कूर्चेची कड हाडावरून उचकटली जाते. ही जखम आर्थर ब्लंडेल बँकार्ट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १९२३ साली नीट मांडली, म्हणून आजही एमआरआयच्या रिपोर्टात त्याचं नाव येतं. आवरण ताणलं जातं. बाहेर आलेला गोळा खोबणीच्या टणक काठावर मागच्या बाजूने आपटतो आणि त्याला खोक पडते. ती हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञांनी १९४० साली वर्णन केली. म्हणजे चमच्याचा पुढचा काठ तुटलेला आणि लिंबाला मागून खड्डा पडलेला. खांदा बसवला की लिंबू चमच्यात परत येतं, पण काठ आपोआप जागेवर चिकटेलच असं नाही. पुष्कळदा तो घसरलेल्या जागी, खाली, चिकटतो. मग बनियन काढण्याएवढं निमित्तही पुरतं.

लोक, आणि कधी कधी डॉक्टरही, गोळा जागेवर गेला की उपचार संपला असं धरतात. माझ्या मते सगळं नुकसान इथे होतं. गोळा बसवणं काही मिनिटांचं काम आहे. काठ, आवरण आणि स्नायू सावरायला महिने लागतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं तो हात कसा चालणार हे त्या महिन्यांत ठरतं.

ओढू नका

उतरलेला खांदा ओळखू येतो. गोलाई जाते, टोकाचं हाड वर उठून दिसतं, त्याखाली खळगा पडतो. माणूस दुसऱ्या हाताने कोपर धरून उभा राहतो आणि कुणाला हात लावू देत नाही. अशा वेळी टोळीतला कुणीतरी अनुभवी पुढे होतो, "दादा, तू नुसता बस, आत्ता बसवतो" म्हणतो आणि हात ओढतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण बाहेरून दिसणारा हाच आकार हाड मोडल्यावरही दिसू शकतो. साठीच्या बाईचा हात पडल्यावर असा लोंबत असेल, तर दंडाचं हाड वरच्या टोकाजवळ तुटलेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते ओढलं तर तुटलेले तुकडे आणखी सरकतात. शिवाय काखेतून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसांचं जाळं जातं. म्हणून आधी एक्स-रे, मग हात लावणं. बसवल्यावर पुन्हा एक्स-रे.

उशीर मात्र करू नये. जितका वेळ जातो तितके आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि खांदा बसवायला जास्त भूल, जास्त जोर लागतो. तीन आठवड्यांहून जास्त काळ उतरलेलाच राहिलेला खांदा पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय बसत नाही.

चौकट : पहिला तास

हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत ठेवा. कोपराखाली उशी किंवा घडी केलेला टॉवेल, आणि ओढणी किंवा गमछाने गळ्यात अडकवलेली झोळी. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. बोटातली अंगठी आणि मनगटावरचं कडं लगेच काढा, नंतर सुजेने निघत नाही. हात थंड किंवा पांढरा पडला, बोटं हलत नसतील, तर एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय हे सरकारी ठिकाण आहे.

शॉक लागल्यावरचा खांदा

यंत्रमागाच्या गावात एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. विजेचा जोरदार झटका बसला, किंवा फिट आली, की खांद्याभोवतीचे सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा बलवान असतात, त्यामुळे गोळा पुढे न जाता मागे ढकलला जातो. हा प्रकार शंभरात दोन-चार इतकाच, पण फसवा. गोलाई फारशी जात नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेत सांधा जवळपास नेहमीसारखा दिसू शकतो. पेशंटला मुका मार म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं आणि आठवड्यांनी लक्षात येतं की हात बाहेर वळतच नाही.

खूण सोपी आहे. कोपर अंगाला टेकवून, काटकोनात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. शॉक लागलेल्याचा हात पोटावर अडकल्यासारखा राहिला आणि बाहेर येईना, तर बाजूने किंवा काखेतून घेतलेला दुसरा एक्स-रे मागा. हे मागण्यात उद्धटपणा नाही. शॉक लागला होता, एवढं डॉक्टरांना आठवणीने सांगितलं तरी निम्मं काम होतं.

मुसळापासून मनगटापर्यंत

खांदा बसवण्याची विद्या फार जुनी आहे. इजिप्तमध्ये इपुई नावाच्या शिल्पकाराच्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात कामाच्या जागी झालेल्या अपघातांची चित्रं आहेत. त्यात जमिनीवर झोपलेल्या कामगाराचा हात धरून एक जण खांदा बसवताना दिसतो, असं वैद्यकाचे अभ्यासक मानतात. आपल्याकडे सुश्रुताने सांधे निखळण्याचे सहा प्रकार सांगितले. खांद्यासाठी त्याने काखेत मुसळ देऊन हात वर उचलायला आणि बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधायला सांगितलं. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेत मुसळाच्या जागी वैद्याची टाच आली. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन्ही वैद्यांना कळलं होतं की काखेत टेकू मिळाला की गोळा काठावरून परत सरकतो. पण त्याच काखेत नसा आहेत, म्हणून आज ही पद्धत सहसा वापरत नाहीत.

१८७० साली स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर याने हात ओढण्याऐवजी वळवून खांदा बसवण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे, १९०९ साली, त्याला थायरॉईडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्या रीतीतून निघालेली सौम्य पद्धत आज बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती जवळून पाहण्यासारखी आहे.

पेशंट पाठीला आधार देऊन आडवा. आधी वेदनाशामक, किंवा थेट सांध्यात भुलीचं इंजेक्शन. कोपर अंगाला चिकटवलेलं, काटकोनात वाकवलेलं. डॉक्टर एका हाताने कोपर जागेवर धरतात, दुसऱ्या हाताने मनगट, आणि पंजा हळूहळू बाहेर जाऊ देतात. ढकलत नाहीत. दुखलं की थांबतात, स्नायू सैल पडेपर्यंत वाट बघतात, पुन्हा दोन बोटं पुढे. तेवढ्या वेळात पेशंटशी बोलत राहायचं असतं. भिवंडीत ते बोलणं मराठीत, उर्दूत, भोजपुरीत नाहीतर तेलुगूत होऊ शकतं, आणि या बोलण्याचा उपयोग खरा आहे, कारण घाबरलेल्या माणसाचे स्नायू सैल पडत नाहीत. पाच-दहा मिनिटांत पंजा जवळपास पूर्ण बाहेर वळतो. कुठेतरी मध्येच हाताखाली घळकन काही सरकल्याचं जाणवतं. ते बहुधा पेशंटलाच आधी कळतं; त्याचा चेहरा सैल पडतो आणि खांद्याची गोलाई परत दिसते.

यानंतर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, सदऱ्याची बाही जिथे असते तिथे, बधिरपणा आहे का ते तपासतात. तिथे जाणारी नस गोळ्याच्या अगदी खालून वळसा घेते आणि गोळा उतरताना ताणली जाते. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. पण बधिरपणा आधीपासूनच होता की नंतर आला, याची नोंद बसवण्याच्या आधीच झालेली बरी.

डॉक्टर वय का विचारतात

एकदा उतरलेला खांदा पुन्हा उतरेल का, याचं उत्तर सगळ्यात जास्त वयावर अवलंबून आहे. विशीच्या आतल्या मुलांत निम्म्याहून जास्त जणांचा पुन्हा उतरतो. काही अभ्यासांत तर दहापैकी आठ-नऊ जणांचा. चाळिशीनंतर हे प्रमाण दहात एखाद-दुसऱ्यावर येतं. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. तरुण कंडरा मजबूत असतात, त्या तुटत नाहीत, म्हणून गोळा जाताना काठच उचकटून नेतो. वय वाढलं की काठाआधी कंडरा फाटतात. म्हणून पन्नाशीच्या माणसाचा खांदा सहसा पुन्हा उतरत नाही, पण कधी कधी दोन-तीन आठवड्यांनंतरही हात स्वतःहून वर जात नाही. ते दुखण्यामुळे असेल म्हणून सोडून देऊ नये. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून कंडरा बघाव्यात. फाटलेली कंडरा महिनोनमहिने तशीच राहिली तर आक्रसते आणि मग शिवायला येत नाही.

झोळीतले आठवडे

झोळी साधारण एक ते तीन आठवडे. पूर्वी सहा-सहा आठवडे हात बांधून ठेवत. पण तरुणांत जास्त दिवस बांधल्याने खांदा पुन्हा उतरणं फारसं कमी होत नाही, असं दिसून आलं आहे, आणि वयस्करांत खांदा आखडतो. पन्नाशीपुढे म्हणूनच झोळी लवकर सोडवतात. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे.

या दिवसांतल्या अडचणी अगदी घरगुती असतात आणि त्या कुणी समजावत नाही. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. बनियनऐवजी पुढे बटणं असलेला सदरा. झोपताना पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून आणि कोपरामागे एक छोटी उशी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. आपल्या दमट हवेत बांधलेल्या हाताची काख दोन दिवसांत चिघळते. रोज कमरेतून पुढे वाकायचं, हात आपोआप अंगापासून सुटतो, मग काख धुऊन कोरडी करायची.

याच वाकलेल्या स्थितीत पहिला व्यायाम होतो. चांगल्या हाताने टेबल धरायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलकेच हलवून त्याला छोटे गोल फिरू द्यायचे. हात स्वतः काही करत नाही. पुढे चांगल्या हाताच्या मदतीने वर नेणं, मग स्वतः नेणं. साधारण सहाव्या आठवड्यापासून रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाशी ठेवून, पंजा आत-बाहेर ओढणं. हे त्या चार लपलेल्या स्नायूंसाठी. व्यायाम इतका साधा दिसतो की पन्नास किलो उचलणाऱ्या गड्याला तो पोरखेळ वाटतो आणि तो सोडून देतो. त्याला सांगायला हवं की ज्या स्नायूंनी तो पन्नास किलो उचलतो ते हे नव्हेत. खवाट्याचे स्नायूही सोबत मजबूत करायचे, कारण चमचा हलत राहिला तर लिंबू सांभाळणं अवघड.

सहा आठवड्यांपर्यंत एक गोष्ट टाळायची: हात बाजूला वर आणि मागे, म्हणजे पोलिसासमोर शरण येताना हात वर करावेत तसा.

शस्त्रक्रिया कधी

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मुंबईकर श्रेयस अय्यरने चेंडू अडवायला झेप घेतली आणि त्याचा डावा खांदा अर्धवट निसटला. अर्धवट म्हणजे गोळा काठावर येऊन परत आत गेला, पूर्ण बाहेर पडला नाही. तरीही एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि सामन्यात तो परतला सप्टेंबरमध्ये. हाताशी उत्तम डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पूर्ण विश्रांती असूनही जवळपास सहा महिने गेले. ऊती भरून यायला लागणारा वेळ पैशाने घटत नाही.

खांदा वारंवार उतरत असेल, किंवा माणूस तरुण असून हात डोक्यावर नेण्याचं काम वा खेळ करत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. दुर्बिणीतून, दोन-तीन छोट्या छिद्रांतून, उचकटलेली कड हाडात बसवलेल्या बारीक खुंट्यांना दोऱ्याने बांधतात. पण दर वेळी उतरताना खोबणीचं हाडही थोडं थोडं झिजतं. ते साधारण पाचव्या हिश्श्याएवढं गेलं असेल तर नुसती शिलाई टिकत नाही. मग खांद्याच्याच पुढच्या बाजूचा हाडाचा तुकडा, स्नायूसकट, खोबणीच्या पुढच्या काठावर स्क्रूने बसवतात. ही रीत फ्रान्सच्या मिशेल लातार्जे याने १९५४ साली मांडली. पाच-सहा वेळा खांदा घरीच बसवून घेतलेल्या गड्याच्या वाट्याला पुष्कळदा ही मोठी शस्त्रक्रिया येते, कारण लहान शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

कामावर परत

ज्याचा रोज थप्पीवर ठरतो त्याला तीन महिने थांब म्हणणं सोपं आहे. घरभाडं तीन महिने थांबत नाही. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल आणि इजा कामावर झालेली असेल, तर रजेच्या काळात सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. "घरी पडलो असं सांग" हा सल्ला ऐकू नये. पण छोट्या लूमवर आणि ठेक्यावरच्या हमालीत पुष्कळांचं नाव कुठल्याच वहीत नसतं. त्यांचा हा खांदा सावरणं मुकादमाच्या आणि मालकाच्या समजुतीवर येऊन ठेपतं, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तोवर मधला मार्ग आहे. झोळी सुटल्यावर बारकोड स्कॅन करणं, चलनं तपासणं, तागे मोजणं. सहाव्या आठवड्यानंतर टेबलाच्या उंचीवरचं हलकं पॅकिंग, दोन्ही हातांनी, कोपर अंगाजवळ ठेवून. खांद्याच्या वर उचलणं आणि ट्रकवरून फेकलेला माल झेलणं सगळ्यात शेवटी, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. शस्त्रक्रिया झाली असेल तर पाच-सहा महिन्यांनी. तेही कॅलेंडर बघून नव्हे. दुखरा हात चांगल्या हाताइतका फिरतो का, रबरी पट्टा दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढता येतो का, आणि हात वर-मागे नेताना आता निसटेल अशी भीती वाटते का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यायचं. भीती वाटत असेल तर थप्पीवर आणखी काही आठवडे दुसरा गडी लावायचा.